मधुदादाच्या चक्राची तपासणी

७ एप्रिल, रविवार
सकाळच्या एसटीने जव्हारहून मोखाडा, तिथून रघुच्या प्रवासी जीपने सूर्यमाळ. ऊन कडक. दुपारी नागलीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. नंतर झोप आली नाही. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसलो.

मधुदादा मंगळवारी गेला. माझा थोरला भाऊ. छातीत कळ आली, मोखाड्याला नेईपर्यंत संपलं होतं. अंत्यविधी झाल्यावर मी जव्हारला जाऊन कपडे आणि मल्टीमीटर घेऊन आलो. माझं लग्न राहून गेलं, जव्हारच्या दोन खोल्यांत वाट बघणारं कोणी नाही. त्याचे दिवस, म्हणजे उत्तरकार्य, होईपर्यंत इथेच राहणार.

ही वही तपासणीच्या नोंदींसाठी आहे. घरगुती गोष्टी, भावना वगैरे यात लिहायच्या नाहीत.

तपासणी कशाची, ते आधी लिहून ठेवतो. मधुदादाने पडवीत एक यंत्र उभं केलंय. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचं लोखंडी चाक, एक जुनी मोटर, भंगारातला डायनॅमो आणि जीपची बॅटरी. बॅटरी मोटर फिरवते, मोटर चाक फिरवते, चाक डायनॅमो फिरवतं, डायनॅमो परत बॅटरी भरतो. वर जे उरतं त्यावर घरात बल्ब. डिझेल नाही, लाईटबिल नाही, ऊनसुद्धा नको. तो याला चक्र म्हणायचा. एकदा ढकललं की बास, जेवढं घालू त्याच्या तिप्पट निघतं, असा त्याचा दावा. तिप्पट कशावरून, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, चाकाचा आवाज ऐक ना.

मी उभी नोकरी वजनमापे खात्यात केली. जव्हार-मोखाड्याच्या सगळ्या बाजारांत काटे तपासले. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, तळ ठोकून वर घेतलेलं लिटरचं माप, बोलता बोलता पारड्याला लागणारा अंगठा, सगळं पाहिलंय. मापात मला आजवर कोणी फसवलेलं नाही. तेव्हा हे काम माझंच. पूर्ण तटस्थपणे करायचं. भाऊ म्हणून एक ग्रॅमही इकडचा तिकडे नाही.

८ एप्रिल, सोमवार
टेस्ट ठरली.

दादाला जिथे निजवलं होतं त्या कोपऱ्यात तेलाचा दिवा आहे. दिवस घालेपर्यंत तो विझू द्यायचा नाही, अशी आमच्या घरची रीत. प्रमिलावहिनी सारख्या उठून तेल बघतात. मी सुचवलं की ज्योतीच्या जागी चक्रावरचा बल्ब लावू. दादाचा दिवा, दादाच्याच यंत्रावर. सकाळ-संध्याकाळ तासभर चक्र फिरवायचं, बल्ब मात्र अखंड चालू. विझला तर दावा खोटा. नाही विझला तर खरा. एवढी साधी, स्वच्छ टेस्ट मी नोकरीतही कधी केली नव्हती.

वहिनी म्हणाल्या, भावजी, आणि विझला तं?

मी म्हटलं, मग कळेल.

त्यांनी दिव्याकडे बघितलं. मग बरं म्हणाल्या आणि तेलाची बाटली आत ठेवून आल्या.

दिवस आखातीजेला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घालायचे ठरलेत. वीटभट्टीवर, मजुरीवर गेलेली माणसं तोवर परततात. महिना हातात आहे. भरपूर झाला.

११ एप्रिल, गुरुवार
बल्ब चालू. चक्र चांगलं फिरतं. आवाज घरभर होतो, पण खराब नाही.

गोरखचा फोन. आम्ही एकाच ऑफिसातून एकाच वर्षी रिटायर झालो. तो आता जव्हारच्या चौकात बसून लोकांना सल्ले देतो. त्याला टेस्ट समजावली. त्याने विचारलं, बॅटरी लावली तेव्हा भरलेली होती का रिकामी? म्हटलं, भरलेली असणार, रघुच्या जीपची आहे. तो इतका हसला की शेजारी वहिनींना ऐकू गेलं. म्हणाला, हेमराज, अरे डब्यासकट तूप तोलतोयस तू. आधी रिकामा डबा तोलायला आपण दुकानदारांना शिकवायचो!

मी म्हटलं, इथे रेंज नीट नाही. आणि फोन ठेवला.

गोरखला विजेतलं काही कळत नाही. मलाही फारसं कळत नाही, पण मी निदान जागेवर आहे. उद्यापासून बॅटरीचे व्होल्ट रोज मोजायचे. गोरखने सांगितलं म्हणून नव्हे. मी आधीच ठरवलं होतं.

१४ एप्रिल, रविवार
व्होल्ट उतरतायत. १२.५, १२.३, आज १२.१. कारणं शोधली. एक, ऊन. दोन, मल्टीमीटरचा सेल जुना. तीन, यंत्र घरातल्या नव्या परिस्थितीला सरावत असावं.

बल्ब किंचित पिवळा दिसतो. वहिनी म्हणाल्या, बारीक झाला ना ओ. मी म्हटलं, संध्याकाळी सगळंच पिवळं दिसतं.

बायडीकाकी आल्या होत्या. पलीकडच्या घरच्या, वय सत्तरच्या पुढे, मला लहानपणी ओढ्यातून ओढून काढल्याचं दर भेटीत सांगतात. चक्राभोवती एक फेरी मारली, चाकाला बोट लावून बघितलं. मग विचारलं, हेम्या, याच्यावर विहिरीचा पानी चढंल का नाय, तेवढा सांग. विहीर पाड्याच्या खाली, चढ उभा. बायका दिवसातून चार-पाच खेपा करतात आणि एखाद्या उन्हाळ्यात तळाशी वाटीने भरावं लागतं. मी म्हटलं, काकी, तपासणी चालू आहे. त्या म्हणाल्या, चालू दे. मी मरायच्या आधी सांग म्हंजे झाला.

१६ एप्रिल, मंगळवार
मोठी बातमी. सकाळी ११.९. बल्ब अगदीच मंद. मन खट्टू झालं (तपासणीच्या दृष्टीने). विहिरीवर अंघोळीला गेलो, परत येऊन मोजलं. १२.७!!

तीनदा मोजलं. १२.७ च. बल्ब लख्ख पांढरा. म्हणजे चक्राने बॅटरी भरली. तेही चक्र बंद असताना. फिरण्याचा जोर चाकात साठून राहतो आणि मागाहून बॅटरीत उतरतो, असं दिसतं.

आणखी एक निरीक्षण. बॅटरी आधीपेक्षा स्वच्छ झालीय. वरची धूळ गेली, तारांच्या टोकांवरची पांढरी बुरशीही नाही. बाजूला देवीचा स्टिकर होता असं मला वाटत होतं, तिथे आता पोपट आहे. मी आधी नीट बघितलं नसावं. नोंदी जास्त काळजीपूर्वक केल्या पाहिजेत.

रघुची जीप दाराशी उभी होती. तो ओट्यावर चहा पीत होता, हात काळे. इथे कसा, विचारलं. म्हणाला, इंजिन गरम झाला साहेब, म्हंटला वयनीचा चहा घ्यावा. इंजिन गरम झाल्यावर माणसाने गरम चहा का प्यावा, ते कळलं नाही. त्याला बातमी सांगितली. तो म्हणाला, तुमचा भाऊ म्हंजे डोकाच होता. आणि चहाचा पुढचा घोट चुकून नाकात गेला.

डोळ्यांतून पाणी येतंय. चाकाच्या ग्रीसची अॅलर्जी असावी.

२२ एप्रिल, सोमवार
नियम सापडला. व्होल्ट सहा-सात दिवस उतरतात, मग एकदम चढतात. चक्र श्वास घेतं, असं म्हणायला हरकत नाही. आज पुन्हा १२.७. स्टिकर देवीचा. बहुधा दोन बाजूंना दोन आहेत आणि मी उलटसुलट बघतो.

महत्त्वाचं म्हणजे, चढ नेहमी मी विहिरीवर गेलो असतानाच येतो. मी समोर बसलो की यंत्र काही दाखवत नाही. परवा मुद्दाम दुपारभर खुर्ची टाकून बसलो, काहीही झालं नाही. वहिनी चार वेळा येऊन म्हणाल्या, भावजी, अंघोळ करून या ना. यावरून निष्कर्ष: माणसाच्या अंगाची उष्णता चक्राला बाधते. दादाने हे मला सांगितलं नव्हतं. त्याला माहीत नसावं. हा शोध माझा.

उद्यापासून विहिरीवर जास्त वेळ थांबायचं. हवं तर कपडेही तिथेच धुवायचे.

२५ एप्रिल, गुरुवार
गोरखचा फोन. श्वास घेण्याची थिअरी सांगितली. त्याने सगळी ऐकून घेतली. मग म्हणाला, बॅटरीला सील मार. तार गुंडाळ, लाख लाव, तुझा शिक्का ठोक. आपण काट्याला मारायचो तसं. मी विचारलं, म्हणजे घरातल्या माणसांवर संशय घेऊ? तो म्हणाला, संशय नाही रे, रीत आहे, बाजारात कोणावरही संशय न घेता मारायचो की. मी म्हटलं, हा बाजार नाही.

हे मी जरा मोठ्याने म्हटलं. वहिनी भाकरी थापत होत्या, हात थांबला.

माझा आवाज सहसा चढत नाही. उद्या गोरखला फोन करून नीट बोलायचं.

२६ एप्रिल
गोरखला फोन केला नाही. रेंज होती.

३० एप्रिल, मंगळवार
चंदना मॅडम येऊन गेल्या. मोखाड्यात एक संस्था आहे, तिच्या. त्यांच्याकडे एक सोलर पंप आलाय. आमच्या विहिरीवर बसवता येईल, नाहीतर खालच्या पाड्यावर. एकच आहे. पाड्याने वीस मेपर्यंत हो-नाही कळवायचं. विहिरीच्या कट्ट्यावर जागा एकाच पंपाची.

बायडीकाकींनी सगळ्यांसमोर विचारलं, हेम्या, मंग? तुझा चाक का मॅडमचा पंप?

लोक माझ्याकडे बघत होते. मला सवय आहे. बाजारात काट्याशी उभा राहिलो की असेच बघायचे. म्हटलं, घाई नको, माझा रिपोर्ट येऊ दे. मॅडमनी विचारलं, कसला रिपोर्ट? मी चक्र दाखवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, छान केलंय हं त्यांनी. हे छान शाळेतल्या मुलाला म्हणतात तसलं होतं. माझ्या लक्षात आलं. दादाच्या कधी येत नसे.

त्याच वेळी ठरवलं. हे चाक कट्ट्यावर बसणार. वर पत्र्याची पाटी. नाव आणि साल.

६ मे, सोमवार
आखातीज शुक्रवारी. वहिनींनी सकाळी विषय काढला. तांदूळ बघून ठेवलेत, भट्टीवरची माणसं निम्मी आलीत, भगताला निरोप धाडायचा का.

मी तांत्रिक अडचण समजावली. दिवस घातले की दिवा काढावा लागणार. दिवा काढला की रीडिंग तुटणार. रिपोर्ट अर्धवट. थोडं पुढे ढकललं तर बाकीची माणसंही येतील. सव्वीस तारखेचा रविवार सुचवला.

वहिनी म्हणाल्या, तुमचा भाऊ वाट बघत असंल ना, भावजी.

मी म्हटलं, त्याला रिपोर्टची वाट असेल.

त्या बरं म्हणाल्या. वहिनी फार बरं म्हणतात. समजूतदार आहेत. आज डाळीत मीठ नव्हतं. बोललो नाही.

१२ मे, रविवार
देवळापुढे पाड्याची बैठक. अंगात दादाचा निळा शर्ट घातला होता, माझे दोन्ही ओले होते म्हणून.

मी उभा राहून बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच इतका वेळ बोललो असेन. दिवा महिनाभर अखंड आहे, व्होल्ट उतरतात आणि आपोआप चढतात, याला बाहेरून थेंबभरही काही दिलेलं नाही. मी स्वतः तपासलंय. ज्याच्या शिक्क्याशिवाय मोखाड्यात कोणी किलोभर कांदा विकू शकत नव्हतं, त्याने तपासलंय. शेवटी म्हटलं, संस्थेला नाही कळवा. पंप खालच्या पाड्याला जाऊ दे, त्यांनाही पाणी मिळेल.

लोक ऐकत होते. मान डोलवत होते. रघु जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. वहिनी बायकांच्या मागे उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. भरून आलं असावं. बायडीकाकींनी तेवढं विचारलं, पानी चढंल का नाय? मी म्हटलं, चढेल, काकी. पुढच्या रविवारी विहिरीवर लावून दाखवतो.

मन हलकं आहे. आजची भाकरी गोड लागली.

१७ मे, शुक्रवार
आज वाईट दिवस. तरी क्रमाने लिहितो.

सकाळी वहिनींना म्हटलं की रविवारच्या टेस्टनंतर पावसाळ्यातली रीडिंगही घेतली तर रिपोर्ट पूर्ण होईल. तेव्हा दिवस सव्वीसचे काढून भात लावणीनंतर घालू.

वहिनी चुलीपुढून उठल्या. हात पुसले. माझ्यासमोर येऊन बसल्या. अशा त्या कधी बसत नाहीत.

म्हणाल्या, भावजी, ती बॅटरी मी बदलते. मी आन रघु.

मला आधी वाक्यच कळलं नाही. कोणती बॅटरी, असं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. आठवड्याभराने बल्ब विझायला आला तेव्हा मी विहिरीवर होतो. दिवा विझू द्यायचा नसतो, आणि मी तर तेलाचा लावू देत नव्हतो. त्यांनी रघुला हाक मारली. दादाने बॅटरी त्याच्याकडूनच घेतली होती, तशीच दुसरी त्याच्या जीपमध्ये होती. एक इथे, एक जीपमध्ये. जीप सूर्यमाळ-मोखाडा करताना दुसरी भरायची. मी अंघोळीला गेलो की अदलाबदल.

मी म्हटलं, मला सांगायचं.

त्या म्हणाल्या, काय सांगायचं होतं? तुम्ही त्या दिशी लहान पोरासारखा हसला होता. घरात कोण हसला होता का तोवर? आन दिवा इझू दिला असता तं त्याला रस्ता कसा दिसला असता? दोन्ही कसा करायचा, मला काय कळंना.

मग म्हणाल्या, आता दिवस घाला, भावजी. जाऊ द्या त्याला. रघुची जीप सकाळी ढकलून चालू करावी लागते.

मी उठून पडवीत गेलो. चक्र सुरू केलं. आवाज ऐकत बसलो.

ज्या घरात दिवा विझू द्यायचा नसतो त्या घरात मी दिवा विझतो का ते बघत होतो.

१८ मे, शनिवार
शांतपणे विचार केला. कालच्या प्रकाराने चक्र खोटं ठरत नाही. फक्त टेस्ट दूषित झाली. पारड्याला अंगठा लागला म्हणून काटा खोटा होत नाही.

नवी टेस्ट: बॅटरी काढूनच टाकायची. रिकामा डबा तोलायची भानगडच नको. चाक हाताने ढकलायचं, डायनॅमोवर पंप, पंपावर पाणी. एकदा ढकललं की बास, हे दादाचेच शब्द. त्याच्या शब्दांवरच तोलू. गोरखनेही याला हरकत घेतली नसती.

रघुने बारा व्होल्टचा छोटा पंप आणि पाईप आणून दिला. काल वहिनींनी मला सगळं सांगितलंय, हे त्याला कळलं होतं. बराच वेळ टायर बघत राहिला, मग म्हणाला, साहेब, तुमच्या रिपोर्टमदी माझी जीप पन लिवा. मी हसलो नाही. तो म्हणाला, नाय लिवली तरी चालंल.

१९ मे, रविवार
चक्र जीपमधून विहिरीवर नेलं. पाईप चढावर ताणला. सगळा पाडा होता. भट्टीवरून आलेलेही होते. बल्ब घरी जुन्या बॅटरीवरच ठेवला, त्याला हात लावला नाही.

चौघांनी चाक ढकललं. जोर आला तसे बाजूला झाले. चाक फिरलं. तोच आवाज. पंप गुरगुरला आणि पाईप ताठ झाला. अर्धपारदर्शक पाईप, आतून पाणी वर सरकताना दिसत होतं. पहिला दगड ओलांडला. साबरीच्या झुडपापर्यंत आलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. रघु सांगतो, दादा म्हणून.

झुडपाशी पाणी थांबलं. चाकाचा आवाज खाली खाली आला. पाणी तिथेच थोडं हललं, काही विसरल्यासारखं, आणि परत विहिरीत गेलं.

पुन्हा ढकललं. पुन्हा झुडूप. तिसऱ्या वेळी झुडपाच्याही अलीकडे, कारण ढकलणारे दमले होते. बेअरिंगला तेल घातलं. पाईपचा वळसा काढला. वारा उलट आहे का बघितलं. वारा नव्हता.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बायडीकाकी म्हणाल्या, चढला खरा, हेम्या. उतरला पन. मग आपला हंडा डोक्यावर घेऊन चढ चढायला लागल्या. झुडपाशी थांबल्या नाहीत.

२० मे, सोमवार
आज संस्थेला कळवायचा शेवटचा दिवस. सकाळी चंदना मॅडमना फोन लावला. बोलायचं काय ते कागदावर लिहून घेतलं होतं: पाड्याच्या वतीने मी आधी घाईने मत दिलं, पंप कृपया आम्हालाच द्यावा, चूक माझी.

मॅडम म्हणाल्या, अहो, तुमच्या पाड्याचा होकार कधीच आलाय. बायकांनी अकरा तारखेलाच जागा दाखवली, कट्ट्याचं माप पण घेतलं आम्ही.

अकरा. बैठक बाराला होती.

बायडीकाकींना गाठलं. त्या मोहाच्या फळांच्या, टोळांच्या, साली काढत होत्या. विचारलं, होकार आधीच दिला होता तर बैठक कशाला भरवली? मान वर न करता म्हणाल्या, तुला बोलायचा होता ना रे.

मग म्हणाल्या, मधुचा चाक आपोआप फिरायचा नाय ह्या आमाला पयल्यापासून म्हाईत. तरी तो होता तवा बी आमी सांजचा जाऊन बसायचो. बरा वाटायचा. बस, टोळं सोल.

थोडे सोलले. नखं काळी झाली.

विहिरीच्या कट्ट्याचं माप कोणी घेतलं, कशाने घेतलं, ते विचारायचं राहिलं. चुकलं असण्याची शक्यता आहे. उद्या जाऊन बघावं.

२१ मे
माप बरोबर आहे.

२६ मे, रविवार
दिवस झाले. माणसं पुष्कळ आली. भात, डाळ, सगळं पुरलं. भगताने दादाला सांगायचं ते सांगितलं. भट्टीवरून आलेले दोघे चक्रापाशी जाऊन चाकाला हात लावून आले.

दिवा भावाने काढायचा. मी बसलो. तार सोडवायला पाना घेतला, पण तो मापाचा नव्हता, नटावरून सरकत होता. दुसरा आणा म्हटलं. तोही सरकला. लोक थांबले होते. भगत म्हणाला, घे सावकाश. वहिनी शेजारी येऊन बसल्या आणि बोटांनीच नट फिरवला. सैलच होता. इतक्या वेळा काढला-लावला होता त्यांनी.

मग त्यांनी तार माझ्या हातात दिली. मी ओढली.

उजेड होताच बाहेरचा. फरक पडला नाही. कोपरा थोडा लहान वाटला.

रघु दोन्ही बॅटऱ्या घेऊन गेला. गिरणीवाल्याने चाक परत मागितलंय, काही घाई नाही म्हणाला. वहिनींना सांगितलं, मी मधूनमधून येत जाईन, पंपाची तपासणी करायला. त्या म्हणाल्या, तपासणी नसली तरी या. बरं म्हटलं.

२९ मे, बुधवार
जव्हार. दार उघडलं तर घरात कोंदट वास. झाडून घेतलं.

गोरख चौकात भेटला. चक्राचं विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं: रीडिंग अपूर्ण राहिली. त्याने काही विचारलं नाही. चहा पाजला. निघताना म्हणाला, भाऊ चांगला होता रे तुझा. मी म्हटलं, हो.

दाढी उद्या.

३० मे, गुरुवार
दाढी केली. वाण्याकडून तांदूळ, चहापत्ती आणली. वाण्याने मला बघून सवयीने काटा माझ्याकडे वळवला. मी बाहेर बघत होतो.

वहिनींनी पिशवीत बल्ब दिलाय, दादाचा. पुसून कपाटात शिक्क्याच्या पेटीशेजारी ठेवला. कुठे लावता येणार नाही, त्याच्यावर बारा व्होल्ट लिहिलंय आणि घरात दोनशे तीस. लिहिलेलं आधीपासूनच होतं.

ही वही इथे बंद करतो. निष्कर्षाची जागा रिकामी ठेवली आहे, सवडीने भरीन.

दुपारी लक्षात आलं, मोरीतला दिवा सकाळपासून तसाच जळतोय. बाहेर जाऊन मीटर बघितलं. लाल ठिपका लुकलुकत होता, बरोबर चालला होता. आत येऊन बटणावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच उभा होतो.

बंद केलं. चहा टाकला.